पहिलं मत कितव्या वर्षी? मतदानाचं वय सोळावर आणण्याच्या वादाचा हिशोब

समजा, दोन मैत्रिणी आहेत. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसणाऱ्या. एकीचा अठरावा वाढदिवस निवडणुकीच्या आदल्या दिवशी येतो, दुसरीचा निवडणूक उलटून दोन दिवसांनी. मतदार यादीच्या मुदती वगैरे तूर्त बाजूला ठेवू. पहिली जाऊन मत टाकून येते. दुसरी थांबते. सरकारची मुदत पाच वर्षांची असेल आणि ते मध्येच कोसळलं नाही, तर दुसरीला तेवीस पूर्ण व्हायला दोन दिवस उरलेले असताना तिच्या आयुष्यातली पहिली निवडणूक येते. तोवर तिचं शिक्षण आटोपलेलं असतं, पत्ता एक-दोनदा बदललेला असतो आणि मतदार यादीत नाव कुठे आहे हे तिचं तिलाच आठवत नसतं.

‘मतदानाचं वय अठरा’ हे आपण सहज म्हणून जातो, पण अठराव्या वर्षी मत देणारे नशीबवान थोडेच. पाच वर्षांतून एकदा निवडणूक होते असं धरलं, तर पहिलं मत अठरा ते तेवीस या पट्ट्यात कधीही पडतं. सरासरी काढली तर साडेवीस. हीच रेघ सोळावर आणली तर पट्टा सोळा ते एकवीस असा सरकतो आणि सरासरी साडेअठरावर येते. म्हणजे कायद्याने अठरा म्हणताना आपल्या मनात जे असतं, ते प्रत्यक्षात घडायला रेघ सोळाच्या आसपास लागते. आणखी एक गोष्ट यात दडलेली आहे. सोळाची रेघ आखली तरी एका वर्षी जन्मलेल्या मुलांपैकी साधारण ४० टक्केच अठराच्या आत पहिलं मत देतील. उरलेल्या ६० टक्क्यांची पहिली निवडणूक अठरा ओलांडल्यावरच येईल.

या वादात मला हा हिशोब सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि नेमका तोच फारसा कुणी मांडत नाही. चर्चा सुरू झाली की गाडी थेट ‘पोरांना अक्कल असते का’ या मुद्द्यावर जाते. तिथे आपणही जाऊच. त्याआधी हे अठरा आलं कुठून ते पाहायला हवं.

चिलखतापासून सक्तीच्या भरतीपर्यंत

अठराच्या आधी बराच काळ अनेक देशांत एकवीस होतं. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात माणूस एकविसाव्या वर्षी सज्ञान होई. त्याचं मूळ मध्ययुगात आहे, चिलखत पेलून घोड्यावर लढण्याइतकी ताकद अंगात येण्याचं ते वय, असं सांगितलं जातं. खरं-खोटं इतिहासकार जाणोत. पण पुढे प्रत्येक वेळी वय खाली आलं, तेव्हा युद्धाचा धागा पुन्हा पुन्हा दिसतो हे मात्र खरं.

ब्रिटनमध्ये १९१८ च्या कायद्याने पुरुषांना एकविसाव्या वर्षी मत दिलं आणि स्त्रियांना तिसाव्या, तेही मालमत्तेच्या अटीसह. मात्र त्याच कायद्यात एक खिडकी होती. महायुद्धात सेवा केलेल्या एकोणीस वर्षांच्या सैनिकाला मत देता येत होतं. अमेरिकेने १९४२ साली सक्तीच्या सैन्यभरतीचं वय अठरावर आणलं आणि ‘लढायला चालतो, मग मत द्यायला का नाही’ हा सवाल उभा राहिला. १९४३ मध्ये तिथल्या जॉर्जिया राज्याने आपल्यापुरतं वय अठरा केलं. अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५४ च्या भाषणात देशभरासाठी तीच मागणी केली. तरी काम अडलं ते थेट व्हिएतनाम युद्धापर्यंत.

मग जे झालं ते फारसं तत्त्वनिष्ठ नव्हतं. अमेरिकी संसदेने १९७० मध्ये साध्या कायद्याने वय अठरा केलं. सर्वोच्च न्यायालयाने वर्षाअखेरीस निकाल दिला की केंद्राच्या निवडणुकांसाठी हे चालेल, राज्यांच्या निवडणुकांचं वय संसदेला ठरवता येणार नाही. म्हणजे अठरा वर्षांचा मतदार एकाच दिवशी, एकाच केंद्रावर अध्यक्षासाठी मत देणार आणि गव्हर्नरसाठी नाही. राज्यांना दोन-दोन याद्या ठेवण्याची पाळी आली. तो खर्च आणि घोळ टाळायला सगळ्यांनी घाई केली आणि मार्च १९७१ मध्ये संसदेतून निघालेली २६ वी घटनादुरुस्ती १ जुलैला, जेमतेम शंभर दिवसांत, पुरेशा राज्यांकडून मंजूर होऊन आली. अमेरिकेच्या इतिहासात इतक्या झटपट मंजूर झालेली दुसरी घटनादुरुस्ती नाही. याद्यांच्या कटकटीने जे साधलं, ते तीस वर्षांच्या युक्तिवादाला साधलं नव्हतं.

त्याच सुमारास बाकीचे देशही सरकले. चेकोस्लोव्हाकिया १९४६ मध्येच अठरावर आला होता. ब्रिटनने १९६९ साली कायदा केला. भारतात ६१ वी घटनादुरुस्ती मार्च १९८९ मध्ये लागू झाली, एकवीसचं अठरा झालं आणि त्याच वर्षाच्या लोकसभा निवडणुकीत ही नवी मंडळी रांगेत उभी राहिली. जपानने वीसवरून अठरावर यायला २०१५ साल उजाडलं. मलेशियाने २०१९ मध्ये एकवीसचं अठरा केलं. सिंगापूरमध्ये आजही एकवीसच आहे.

सगळ्यात गमतीशीर प्रवास डेन्मार्कचा. तिथे मतदानाचं वय बदलायचं तर जनतेचा कौल घ्यावा लागतो. १९५३ मध्ये पंचवीसचं तेवीस झालं, १९६१ मध्ये एकवीस. १९६९ मध्ये अठराचा प्रस्ताव आला. युरोपभर विद्यार्थ्यांच्या आंदोलनांचं वारं होतं, आणि जवळपास ७९ टक्के मतदारांनी तो धुडकावला. दोन वर्षांनी वीस मान्य झालं. अखेर १९७८ मध्ये अठरा. त्याच देशाला नऊ वर्षांच्या अंतराने तेच वय एकदा अगदीच कोवळं आणि एकदा रास्त वाटलं. मुलं तर तेवढ्या काळात बदलली नव्हती. लक्षात घ्या, दर वेळी कौल दिला तो आधीच हक्क मिळालेल्यांनी. ज्यांच्याबद्दल प्रश्न होता ते घरी बसले होते.

सोळावर कोण कोण आहे

यादी छोटी आहे, पण वाटते तेवढी नवी नाही. ब्राझीलच्या १९८८ च्या राज्यघटनेपासून तिथे सोळा-सतरा वर्षांच्यांना मत देता येतं. अठरा ते सत्तर या वयात ते सक्तीचं आहे, त्याआधी ऐच्छिक. निकाराग्वा, क्युबा आणि इक्वाडोर याच रांगेत आहेत आणि अर्जेंटिना २०१२ मध्ये त्यात आलं. युरोपात ऑस्ट्रियाने २००७ मध्ये कायदा बदलला, माल्टाने २०१८ मध्ये. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तिथल्या स्थानिक संसदांसाठी सोळा आहे. जर्मनी आणि बेल्जियममध्ये २०२४ ची युरोपीय संसदेची निवडणूक सोळाव्या वर्षीही खुली होती, राष्ट्रीय निवडणुकीला मात्र अठराच. अमेरिकेत टाकोमा पार्क नावाच्या छोट्या शहराने २०१३ मध्ये नगरपालिकेपुरतं सोळा केलं, बर्कली आणि ओकलंडने शाळा मंडळांपुरतं. इंडोनेशियात सतरा. आणि लग्न झालेलं असेल तर वयाची अटच नाही. लग्नाने राजकीय शहाणपण येतं, ही कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली असेल ते विवाहितांनीच सांगावं.

ब्रिटनच्या सरकारने जुलै २०२५ मध्ये सगळ्या निवडणुकांसाठी सोळा करण्याचं जाहीर केलं, तेव्हापासून हा विषय पुन्हा तापला आहे.

डोकं थंड, डोकं गरम

आता अकलेचा मुद्दा. पंधरा-सोळा वर्षांचं पोर घरी पाहिलेल्या कुणालाही प्रश्न पडणारच: खोलीचं दार आपटून बसणारं हे लेकरू देशाचं भवितव्य ठरवणार?

मेंदूचा अभ्यास करणारे या प्रश्नाचे दोन तुकडे करतात. एक म्हणजे निवांत असताना विचार करण्याची क्षमता. माहिती वाचणं, तुलना करणं, कारण आणि परिणाम जोडणं. दुसरी म्हणजे भर गोंधळात, मित्र बघत असताना, राग किंवा उत्साह चढलेला असताना स्वतःला आवरण्याची क्षमता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी हा फरक वर्षानुवर्षं मांडला आहे. ते आणि त्यांचे सहकारी यांनी अकरा देशांतल्या पाच हजारांहून अधिक जणांची चाचणी घेऊन २०१९ मध्ये निष्कर्ष छापले. पहिली क्षमता सोळाच्या सुमारास मोठ्यांच्या पातळीला पोचते. दुसरी अठरा ओलांडल्यावरही, काही ठिकाणी विशीतही, पिकत असते.

एकच मुलगा दोन जागी पाहा. शनिवारी रात्री मित्राच्या गाडीत मागच्या सीटवर बसून ‘अजून जोरात’ म्हणणारा तो. आणि सोमवारी भूगोलाच्या पेपरात दोन नद्यांच्या खोऱ्यांची तुलना नीट लिहिणाराही तोच. मतदान कुठल्या प्रकारात मोडतं? उमेदवार आठवडे-महिने आधी कळतात, बोलायला-वाचायला वेळ असतो आणि शेवटचं काम पडद्याआड एकट्याने करायचं असतं. भूगोलाच्या पेपराच्या जवळ जाणारी ही गोष्ट आहे, गाडीच्या नाही. म्हणून वाहन चालवायचा परवाना, दारू आणि मतदान यांची वयं वेगवेगळी असण्यात विसंगती नाही. अमेरिकेत मत अठराव्या वर्षी मिळतं आणि दारू एकविसाव्या.

इथपर्यंत पटतं. पण या युक्तिवादाला एक भगदाड आहे आणि सोळाचे समर्थक त्यावरून घाईघाईने पुढे सरकतात. मतपेटीशी आपण एकटे असतो, मत मात्र तिथे तयार होत नाही. ते तयार होतं हातातल्या फोनवर, मित्रांच्या ग्रुपमध्ये, तीस सेकंदांच्या व्हिडिओंत. म्हणजे डोकं गरम असतानाच. अर्थात हे पंचेचाळिशीच्या काकांनाही तितकंच लागू आहे. फॉरवर्ड कोण किती करतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून हा आक्षेप फक्त पोरांवर टाकणं लबाडीचं, आणि पोरांच्या बाबतीत तो मुळीच नाही असं म्हणणंही.

पुरावाही एका बाजूचा नाही. ऑस्ट्रियात संशोधकांनी तपासलं की सोळा-सतरा वर्षांच्यांचं मत त्यांच्या स्वतःच्या विचारांशी जुळतं का, म्हणजे त्यांनी निवडलेला पक्ष त्यांना हवी ती धोरणं मांडतो का. ते मोठ्यांइतकंच जुळत होतं. नॉर्वेने २०११ मध्ये वीस नगरपालिकांत सोळा वर्षांच्या मतदानाचा प्रयोग केला. तिथल्या अभ्यासात सोळा-सतरा वर्षांच्यांची राजकीय समज अठरा ओलांडलेल्यांपेक्षा कमी दिसली आणि मताधिकार मिळाला म्हणून ती वाढल्याचंही आढळलं नाही. ‘हक्क द्या, जबाबदारी आपोआप येते’ हे वाक्य टाळ्या घेणारं आहे, पण नॉर्वेत ते खरं ठरलं नाही.

आणि समज हीच अट असेल तर ती सगळ्यांना लावावी लागेल. मत देण्यापूर्वी परीक्षा घेण्याचा प्रयोग अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांनी दीर्घकाळ केला. वाचता-लिहिता येतं का याची ‘चाचणी’ होती, तिचा खरा उपयोग कृष्णवर्णीयांना बाहेर ठेवण्यासाठी होई. १९६५ च्या कायद्याने तिला चाप बसला. तेव्हापासून जगात कुणी शहाण्या माणसाने मतदाराची परीक्षा घ्यावी असं म्हटलं की लोक सावध होतात, आणि व्हायलाच हवं. वयाची रेघ ही परीक्षेची स्वस्त पर्यायी सोय आहे. ती कुणाचं डोकं मोजत नाही, फक्त कॅलेंडर बघते. म्हणूनच ती सहन करण्याजोगी आहे.

घर सोडण्याआधी की नंतर

आता मूळ हिशोबाकडे. मतदान ही बरीचशी सवयीची गोष्ट आहे. पहिल्या एक-दोन निवडणुकांत गेलेला माणूस पुढेही जातो, पहिल्यांदा टाळलेला टाळतच राहण्याची शक्यता जास्त. मग पहिली निवडणूक कुठल्या वयात येते याला महत्त्व येतं.

अठरा ओलांडल्यावरची एक-दोन वर्षं त्यासाठी जवळपास सगळ्यात वाईट. शाळा संपते, घर सुटतं, नवं शहर, खोलीत चार अनोळखी, नाव जुन्या पत्त्यावर. मार्क फ्रँकलिन या राज्यशास्त्रज्ञाने २००४ मध्ये असं मांडलं की एकवीसचं अठरा केल्याने अनेक देशांत मतदानाची टक्केवारी खाली ओढली गेली, कारण आपण सुरुवातीची घंटा नेमकी अशा क्षणी वाजवली की ऐकायला घरी कुणी नाही. डेन्मार्कमध्ये मतदानाच्या प्रत्यक्ष नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा एक विचित्र आलेख निघाला. नुकतेच अठरा झालेले बऱ्यापैकी मत देतात. एकोणीस वर्षांचे कमी, वीसचे आणखी कमी. वय वाढतं तसं मतदान वाढतं, हा आपला समज या टप्प्यावर उलटा पडतो. कारण साधं आहे. अठराव्या वर्षी बरीच मुलं आईवडिलांकडे असतात. सकाळी आई म्हणते, ‘चल, मी निघालेय, तूही ये.’ संपलं. एकोणिसाव्या वर्षी तसं म्हणणारं कुणी जवळ नसतं.

हाच आलेख मागे ओढला तर सोळा-सतरा वर्षांचे वीस वर्षांच्यांपेक्षा जास्त यायला हवेत. ऑस्ट्रियात व्हिएन्ना आणि क्रेम्स या शहरांच्या मतदार याद्यांवरून नेमकं तेच दिसलं: सोळा-सतरा वर्षांच्यांची उपस्थिती अठरा ते वीस वयोगटापेक्षा जास्त होती, जरी एकूण सरासरीपेक्षा थोडी कमी. नॉर्वेच्या प्रयोगातही सोळा-सतराचे पुढेच होते. समज कमी दिसली तिथेही पाय केंद्राकडे वळले. स्कॉटलंडच्या २०१४ च्या स्वातंत्र्य सार्वमतात १६-१७ वर्षांच्या ७५ टक्के मुलांनी मत दिल्याचं सांगितलं, १८ ते २४ या गटात हा आकडा ५४ होता. हे ‘सांगितलं’ आहे, मोजलेलं नाही. लोक मत दिल्याचं जरा वाढवूनच सांगतात. शिवाय देश राहणार की फुटणार असा प्रश्न दर वर्षी येत नाही. पण नंतरच्या अभ्यासांत जे दिसलं ते जास्त मोलाचं आहे. स्कॉटलंडमध्ये सोळाव्या-सतराव्या वर्षी हक्क मिळालेली पिढी विशीत गेल्यावरही तिच्या आधीच्या पिढीपेक्षा जास्त संख्येने मत देताना आढळली. नव्या नवलाईने इतकी वर्षं टिकू नये. ती टिकली, म्हणजे सवय लागली असावी.

ऑस्ट्रियाच्या गोष्टीत एक तपशील सहसा सुटतो. २००७ च्या त्याच सुधारणेत संसदेची मुदत चारवरून पाच वर्षांची झाली. आपला सुरुवातीचा हिशोब लावा. चार वर्षांची मुदत आणि अठराची रेघ असती तर पहिलं मत सरासरी विसाव्या वर्षी. पाच वर्षं आणि अठरा, तर साडेवीस. एका हाताने तरुणांचं पहिलं मत पुढे ढकललं गेलं आणि दुसऱ्या हाताने दोन वर्षं मागे आणलं. तसंच, त्यांनी नुसतं वय उतरवलं नाही, शाळांमधून नागरिकशास्त्राची आणि मतदार-जागृतीची जोडही दिली. वय उतरवून शाळेला हात न लावणारे देश ऑस्ट्रियाकडे बोट दाखवतात तेव्हा मला तो अर्धा दाखला वाटतो.

काही आक्षेप, कमी-जास्त वजनाचे

‘मुलं आईबाप सांगतील तसंच मत देतील.’ बायका नवरा सांगेल तसं मत देतील, हेच वाक्य शंभर वर्षांपूर्वी गंभीर चेहऱ्याने म्हटलं जात होतं. स्कॉटलंडच्या सार्वमताआधी एका पाहणीत मुलं आणि त्यांचे पालक दोघांनाही विचारलं, तर चाळीस टक्क्यांहून जास्त मुलांचा कल पालकाच्या कलापेक्षा वेगळा निघाला. एका घरात राहून इतकं वेगळं मत, हे सोळा वर्षांचं मूल घरी असणाऱ्यांना तरी नवल वाटू नये.

‘डाव्यांना फायदा म्हणून डावे मागतात.’ मागतात, हे खरंच आहे. गणित मात्र दर वेळी जमत नाही. जर्मनीत २०२४ ला सोळा वर्षांच्यांना आणलं तेव्हा तरुण मतदारांमधला पर्यावरणवादी, डावीकडे झुकलेल्या ग्रीन पक्षाचा आधार पाच वर्षांपूर्वीच्या मानाने कोसळला आणि अतिउजव्या एएफडी पक्षाचा वाढला. तरुण कुणाच्या खिशात नसतात. शिवाय वजनही फार नाही. स्कॉटलंडच्या त्या सार्वमतात नोंदलेल्या मतदारांत सोळा-सतराचे अडीच टक्के होते. अटीतटीची लढत सोडली तर एवढ्याने निकाल फिरत नाही.

‘कर भरतात, मग मत का नाही?’ हा समर्थकांचा आवडता मुद्दा आणि माझ्या मते सगळ्यात पोकळ. पेन्सिल विकत घेणारा सहा वर्षांचा मुलगाही कर भरतो. तेव्हा केंब्रिजमध्ये प्राध्यापक असलेले डेव्हिड रन्सिमन यांनी २०१८ मध्ये सहा वर्षांच्यांनाही मत द्यावं असं सुचवलं होतंच. लोकसंख्याशास्त्रज्ञ पॉल डेमेनी यांनी १९८६ मध्ये त्याहून वेगळी वाट काढली होती: मुलाचं मत मुलाच्या वतीने आईबापांनी द्यायचं. दोन्ही प्रस्तावांमागची काळजी खरी आहे. वयस्क मतदार वाढत चाललेल्या देशांत चाळीस वर्षांनंतरचा विचार करायला कुणाचं मत उरत नाही. उपाय मात्र मला दोन्ही पटत नाहीत.

वजनदार आक्षेप वेगळाच आहे आणि तो मुलांची बाजू घेणाऱ्यांकडून येतो. १९८९ चा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार अठराखालच्यांना साधारणपणे मूल मानतो आणि त्या मूलपणावर संरक्षणाची मोठी इमारत उभी आहे: बालमजुरी, लग्न, गुन्हा केल्यास वेगळी वागणूक. सोळाव्या वर्षी ‘तू प्रौढ’ म्हणालो तर उद्या कुणी म्हणेल, मग तुरुंगही प्रौढांचाच. ही भीती उडवून लावण्यासारखी नाही. पण मत आणि सज्ञानपण यांची गाठ तोडता येते, हे जपानने न ठरवता दाखवून दिलं. तिथे २०१६ पासून अठराव्या वर्षी मत होतं, कायद्याने सज्ञान व्हायचं वय मात्र २०२२ पर्यंत वीस. सहा वर्षं तिथली ‘अज्ञान’ मुलं बिनबोभाट मत देत होती. आकाश कोसळलं नाही. आपल्याकडच्या जुन्या सुभाषितानेही मूल सोळाचं झालं की त्याला मित्रासारखं वागवा म्हटलंय. त्याला घरखर्चाचा बोजा द्या असं नाही म्हटलेलं.

कागदावर बदल कसा होतो

यावर फार लिहिण्यासारखं नाही, पण अडतं ते इथेच. वय साध्या कायद्यात असेल तर साधं बहुमत पुरतं. राज्यघटनेत असेल तर दोन-तृतीयांश किंवा सार्वमत. न्यूझीलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये म्हटलं की अठराची अट वयावरून होणाऱ्या भेदभावाच्या मनाईशी विसंगत आहे. पण तिथे ही अट बदलायला ७५ टक्के खासदार किंवा जनतेचा कौल लागतो, आणि गाडी तिथेच रुतली. तैवानने त्याच महिन्यात वीसचं अठरा करण्यासाठी कौल घेतला. ‘हो’ म्हणणारे ‘नाही’ म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त होते. तरी प्रस्ताव पडला, कारण एकूण मतदारांपैकी निम्म्यांचं ‘हो’ हवं होतं. लक्झेंबर्गने २०१५ मध्ये सोळासाठी विचारलं, तर ८१ टक्के ‘नाही’ म्हणाले.

मला स्वतःला विचाराल तर सोळाची रेघ आधी शाळा मंडळ आणि नगरपालिकांना लावावी. तिथले प्रश्न मुलांच्या रोजच्या वाटेवरचे असतात. दोन-तीन निवडणुका जाऊ द्याव्यात, उपस्थिती याद्यांवरून मोजावी, पाहण्यांमधल्या फुशारकीवर भिस्त ठेवू नये, आणि शाळेत त्या वर्षी उमेदवारांची भाषणं ऐकणं, जाहीरनामा वाचणं अभ्यासक्रमात यावं. यात एक धोका आहे, अर्धवट हक्काचा. तो कसा दिसतो हे स्कॉटलंडच्या एका काल्पनिक मुलीच्या तारखा मांडल्या की कळतं. तारखा खऱ्या आहेत.

ती ऑगस्ट २०१४ मध्ये सोळा पूर्ण करते. १८ सप्टेंबर २०१४, स्वातंत्र्याचं सार्वमत: तिला मत आहे. तीनशे वर्षांचा संयुक्त देश राहावा की मोडावा, हे ठरवण्याइतकी ती मोठी आहे. ७ मे २०१५, ब्रिटनच्या संसदेची निवडणूक: मत नाही, ती लहान आहे. ५ मे २०१६, स्कॉटिश संसद: मत आहे, तोवर तिथला कायदा बदललाय. २३ जून २०१६, युरोपीय संघातून बाहेर पडायचं की नाही: मत नाही. अठरा व्हायला दोन महिने कमी पडतात. सात आठवड्यांपूर्वी ज्या केंद्रावर ती मत टाकून आली, त्याच केंद्रासमोरून त्या दिवशी ती नुसती चालत जाते, आणि आत तिची आई रांगेत उभी असते.